पानांचा कौल

मांडवीचा पूल ओलांडून म्हापशाच्या वाटेने उत्तरेकडे जावे आणि हणजूण, वागातोर, हरमल असा किनारा धरावा, म्हणजे माडांच्या आडोशाला, जुन्या घरांच्या बलकांवांवर, क्वचित एखाद्या खाद्यगृहाच्या कोपऱ्यात टॅरो पाहून मिळेल अशा अर्थाच्या पाट्या दिसू लागतात. यात नवे असे काही नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस लांब केसांची परदेशी तरुण मंडळी या किनाऱ्यावर उतरली, आणि त्यांच्याबरोबर जे अनेक छंद आले त्यांतच ही चित्रांची पानेही आली. पुष्कळ वर्षे ती मंडळी एकमेकांचीच पाने काढीत राहिली आणि आपण दुरून पाहत राहिलो. नवे आहे ते हे की आता त्या पानांपुढे आपली माणसे बसू लागली आहेत. फोंड्याची, डिचोलीची, कुडचड्याची. संकष्टी सोडताना चंद्रोदयाची वेळ चुकू न देणारी. वर्षातून एकदा तरी कुलदेवतेची ओटी भरणारी. आणि त्यासाठी किनाऱ्यापर्यंत जाण्याचीही आता गरज उरलेली नाही. घरबसल्या भ्रमणध्वनीवर घड्याळ लावून पाने काढली जातात आणि मिनिटांच्या हिशेबाने दक्षिणा वळती होते.

आमच्या परिचयातील एक गृहिणी अशांपैकीच. यजमान बोटीवर, मुलगा परराज्यात शिकायला, घरात वृद्ध सासू. एके दिवशी त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. कोणाला सांगावे हे सुचेना. सासूला सांगितले तर ती हाय खाणार, यजमानांना सांगितले तर ते समुद्रात बसून काय करणार. त्यांनी दूरध्वनीवरून पाने काढविली. निघाले ते नवव्या क्रमांकाचे पान, हातात कंदील घेऊन डोंगरमाथ्यावर एकटा उभा असलेला वृद्ध संन्यासी. अर्थ सांगण्यात आला की ही एकांताची वेळ आहे, घाई करू नका, उत्तर आतून येईल. बाईंनी घाई केली नाही. पाच महिने केली नाही. शेवटी भाचीने हट्टाने इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की इतके दिवस कोठे होता?

हा प्रसंग ऐकून कोणी सुशिक्षित वाचक ओठ मुडपील. बायकांचा अडाणीपणा म्हणून सोडूनही देईल. आम्हांस तसे करता येत नाही. संकटातल्या माणसाला सर्वप्रथम उत्तर नको असते. त्याला बोलायला जागा हवी असते. आपल्या राज्याने गेल्या काही वर्षांत अशी माणसे थोडीथोडकी पाहिलेली नाहीत. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, मध्यंतरी काही चालू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर मार्चच्या मध्यास पुन्हा थांबल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या सत्तरी-सांग्यातील माणसासमोर तेव्हा एकच प्रश्न उभा होता, ट्रक विकावा की ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर बँकेपाशी नव्हते, सरकारपाशी नव्हते, वकिलापाशीही नव्हते. पाठोपाठ २०२० ची महामारी आली. त्या वर्षी तर देवळांचे दरवाजेही बंद झाले, आणि दुःखाच्या घरी चार माणसांनी जाऊन बसण्याचा जो साधा धर्म आपण पाळीत आलो तोही मोडला. अशा वेळी एक अनोळखी आवाज अर्धा तास शांतपणे ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही, ‘तुम्ही खूप सोसले आहे’ असे म्हणतो, त्याचे मोल पैशाने मोजण्याचे ज्याला सुचेल त्याला आम्ही दोष देणार नाही.

परंतु या पानांच्या पुराणत्वाविषयी जे सांगितले जाते ते मात्र तपासून घेतले पाहिजे. ईजिप्तच्या पुरोहितांनी आपले गूढ ज्ञान या चित्रांत दडवून ठेवले, ही कथा अनेक वाचक ऐकत आले असतील. ती पॅरिसमध्ये १७८१ साली जन्मली. कूर द जेबलॅं नावाच्या विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात ती मांडली, तेव्हा ईजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा एकही मनुष्य युरोपात नव्हता. ती शांपोल्यॉंने उलगडली १८२२ साली, आणि उलगडल्यावर तिच्यात या पानांचा मागमूसही सापडला नाही. दरम्यान आल्येत नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाने आपले आडनाव उलट्या क्रमाने लिहून ‘एत्तेला’ असे गूढ नाव धारण केले आणि १७८५ मध्ये या पानांवरून भविष्य कसे सांगावे याचे पुस्तकही काढले. धंद्याला नावाची जोड लागते हे त्या गृहस्थाने ओळखले होते.

वस्तुतः टॅरो हा पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत, मिलान आणि फेर्रारा येथील सरदार-दरबारांत तो खेळला जाऊ लागला. एकूण ७८ पाने. त्यांतली ५६ चार रंगांची, प्रत्येक रंगाची १४. आणि २२ हुकमाची, ज्यांवर सम्राट, पोप, दैवचक्र, मृत्यू, सूर्य, चंद्र अशी चित्रे. चार रंग म्हणजे पेले, तलवारी, दांडके आणि नाणी. पोर्तुगीज अमदानीत पत्ते कुटलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हे रंग परके वाटणार नाहीत. पोर्तुगीज भाषेत बदामाला अजूनही ‘कोपश’ म्हणजे पेले, इस्पिकाला ‘एश्पादश’ म्हणजे तलवारी, किलवराला ‘पाउश’ म्हणजे दांडके आणि चौकटीला ‘ओरुश’ म्हणजे सोने असेच म्हणतात. सुमारे साडेतीनशे वर्षे ही पाने माणसांनी डाव जिंकण्यासाठी आणि पैसे हरण्यासाठी वापरली. फ्रान्समध्ये व ऑस्ट्रियात तो खेळ आजही चालतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली या खेळाचा मोठा इतिहासच लिहून गूढवाद्यांच्या कथा एकेक करून बाजूला सारल्या. आज हरमलच्या बलकांवावर जी चित्रे मांडली जातात ती बहुधा लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या संचातली असतात. कल्पना वेट नामक गूढवाद्याची आणि कुंचला पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचा. तिने सारी चित्रे काढली, मोबदला नाममात्र मिळाला, आणि १९५१ साली ती विपन्नावस्थेत वारली. साऱ्या जगाला भविष्य सांगणाऱ्या त्या पानांनी तिच्या भवितव्याची काही सूचना दिली नाही.

आपल्या शेजारच्या सावंतवाडीलाही चित्रांची पाने होतीच. गंजिफा. वाटोळी, लाखेने रंगविलेली, दशावतारांची. दहा अवतारांची प्रत्येकी बारा मिळून एकशेवीस पाने. ही कला मरणपंथाला लागली असता सावंतवाडीच्या राजघराण्याने ती सत्तरीच्या दशकात पुन्हा उभी केली. त्या पानांवर तर साक्षात देवच आहेत. तरीही आपल्या लोकांनी त्यांचा खेळच ठेवला. मत्स्याचे पान निघाले म्हणून कोणी कर्जाचा हप्ता थांबविला नाही.

याचा अर्थ आपण दैवी कौल मागत नव्हतो असा नव्हे. उलट आपल्याइतका मागणारा समाज विरळा! लग्न ठरविताना, घराचा पाया खणताना, नोकरीसाठी मुलगा परदेशी निघताना, घरातल्या दुखणाइताला कोणत्या वैद्याकडे न्यावे हे ठरविताना आपण देवापुढे प्रसाद लावीत आलो. ओल्या मूर्तीवर भटजी ठरलेल्या जागी फुलांच्या पाकळ्या वा कळ्या चिकटवितात, यजमानाचे नाव-गाव-कूळ उच्चारून त्याचे गाऱ्हाणे देवाच्या कानी घालतात, आणि मग सारा सभामंडप श्वास रोखून पाहत राहतो. उजवी आधी पडली तर बहुतेक ठिकाणी होकार, डावी पडली तर नकार, आणि काहीच पडले नाही तर देवाला अद्यापि बोलावयाचे नाही. पाकळी गळते ती ओलाव्याने आणि स्वतःच्या वजनाने, हे सांगायला भौतिकशास्त्रज्ञाची गरज नाही. तेथे उभ्या असलेल्या शाळकरी मुलालाही ते कळते. तरीही ती पडते तेव्हा कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी येते, हेही आम्ही पाहिले आहे.

कौलाच्या या पद्धतीत आम्हांस जे मोलाचे वाटते ते पाकळीत नाही, पाकळी पडण्यापूर्वी जे घडते त्यात आहे. प्रसाद लावायचा तर आधी प्रश्न बांधावा लागतो. देव हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. तो प्रवचन करीत नाही. तेव्हा मनातला गुंता सोडवून एका वाक्यात आणण्याचे काम भक्तालाच करावे लागते, आणि निम्म्या वेळी ते करतानाच उत्तर हाती लागते. दुसरे असे की हा प्रश्न मोठ्याने विचारावा लागतो. चार माणसांदेखत. उपरोक्त बाई जर आपल्या देवळात जाऊन त्या गाठीविषयी प्रसाद लावायला उभ्या राहिल्या असत्या, तर पाकळी उजवी पडो की डावी, खांबाला टेकून बसलेली एखादी म्हातारी खात्रीने म्हणाली असती, ‘‘अगो, पयलीं दोतोराक दाखय मगे!’’ भ्रमणध्वनीवर काढलेल्या पानांना अशी म्हातारी नसते. तेथे विचारणारी एकटी, सांगणारा एकटा, आणि दोघांच्या मध्ये चालू असलेले घड्याळ.

येथे एखादा वाचक म्हणेल की संपादकांनी आपले ते सोवळे आणि परक्याचे ते ओवळे ठरविले. तसे नाही. ज्या गावात प्रसाद लागे त्याच गावात घाडीही होता. तो ताप आलेल्या पोराच्या अंगात देवचाराचा कोप शोधी आणि त्यावर कोंबड्याचा उतारा सांगे; कोंबडा देऊनही ताप हटला नाही तर कोप अधिक मोठा निघे आणि उताराही. भीतीचा व्यापार आपल्याकडे परदेशी जहाजातून आला नाही. आणि कौल लावून झाल्यावर मनासारखा लागला नाही म्हणून पुन्हा लावणारे, दुसऱ्या देवळात जाऊन लावणारे, हेही काही अपरिचित प्राणी नव्हेत. दवाखान्याचा प्रश्न कौलावर टाकून दुखणाइताचे दिवस फुकट घालविल्याच्या हकिकती तर जुन्या घरांत हवालदिल स्वरात आजही सांगितल्या जातात.

मग पानांतून निघालेले वर्णन आपल्याला इतके तंतोतंत का लागू पडते? १९४८ साली अमेरिकेतील बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे म्हणून एकेक टिपण दिले. ते किती बरोबर आहे याला पाचांपैकी गुण द्या म्हटल्यावर सरासरी चारांच्याही वर गेली. टिपण सर्वांना एकच होते आणि फोररने ते रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेल्या भविष्याच्या पुस्तकावरून जुळविले होते. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून चिंता करता’, असे म्हटल्यावर कोणता मनुष्य नाही म्हणेल? आता हे लिहिताना आमची लेखणी जरा अडखळते हे कबूल केले पाहिजे. मराठी वृत्तपत्रे राशिभविष्य छापतात, आम्हीही छापतो, आणि ज्या दिवशी ते चुकून गळते त्या दिवशी जितके दूरध्वनी येतात तितके या स्तंभातील अग्रलेख गळला तर येणार नाहीत.

या प्रश्नावर अधिकारवाणीने बोलू शकेल असा एक गोमंतकीय पॅरिसमध्येच होऊन गेला, आणि तोही नेमक्या त्या काळात. कांदोळीस १७५६ साली जन्मलेले आबे फारिया १७८८ मध्ये त्या नगरीत पोहोचले. पानांची ईजिप्शियन कथा रचली जाऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती आणि एत्तेलाचे दुकान जोरात चालले होते. त्याच नगरीत मेस्मरच्या अनुयायांची हवा होती. उपचार करणाऱ्याच्या देहातून एक चुंबकीय द्रव निघतो व तो रोग्याला बरे करतो, अशी त्यांची शिकवण. फारियांनी १८१३ पासून लोकांसमोर संमोहनाचे प्रयोग केले आणि स्वतःच्याच प्रतिष्ठेवर पाणी सोडणारी गोष्ट सांगितली: माझ्यापासून काहीही निघत नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून घडते. ज्याला चमत्कार करणारा म्हणून मिरवता आले असते त्याने चमत्काराचे श्रेय समोरच्याला देऊन टाकले. लोकांना ते रुचले नाही. १८१६ मध्ये त्यांची टर उडविणारे नाटक रंगभूमीवर आले, आणि १८१९ साली, ज्या वर्षी त्यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, ते एकाकी वारले.

फारियांविषयीची एक आख्यायिका येथे घराघरांत सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले असता तरुण फारियांची वाचा बसली. मागे उभ्या असलेल्या वडिलांनी हलकेच म्हटले, ‘‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’’ आणि मुलाची जीभ सुटली. त्या कोकणी वाक्यात भविष्य नव्हते, गूढ नव्हते. आपल्या भाषेत, आपल्या माणसाने, योग्य क्षणी दिलेला धीर होता. पानांपुढे बसून ज्यांना खरोखर बरे वाटते त्यांना तेथे हेच मिळत असावे. चित्र निमित्त होते, माणूस बोलू लागतो, बोलता बोलता स्वतःचेच मत त्याच्या कानी पडते. पान काढणारा प्रामाणिक असेल तर तो फारियांसारखे म्हणेल की हे तुमचेच आहे, घेऊन जा. अशी माणसे त्या व्यवसायात आहेत. दुखण्याची गोष्ट निघताच पाने गोळा करून ‘हे माझे काम नव्हे’ म्हणणारी एक बाई आम्हांस ठाऊक आहे. पण जो पुढच्या पानासाठी पुन्हा बोलावतो, एका भीतीवर दुसरी चढवितो, मृत्यूचे तेरावे पान दाखवून स्वर खाली आणतो आणि मग उताऱ्याचे दर सांगतो, तो एत्तेलाचा वंशज. आणि आमच्या घाड्याचा चुलतभाऊ.

अशांना आवरण्यासाठी कायदे नाहीत असे नाही. रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या मंत्र, ताईत, कवच आदींच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. कर्नाटकाने २०१७ मध्ये केला. भविष्य सांगणे हा या कायद्यांच्या लेखी गुन्हा नाही, आणि तो असावा असे आम्हीही म्हणणार नाही. पोलिसांनी पाने जप्त करून दुःखिताचे एकाकीपण कमी होत नाही. ते कमी करण्याचे काम देवस्थानांचे महाजन, महिला मंडळे आणि आरोग्य खाते यांनी मिळून हाती घेण्यासारखे आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तेथे ऐकणारा माणूस प्रशिक्षित आहे आणि घड्याळ लावलेले नाही. हा क्रमांक किती देवळांच्या सभामंडपात लिहिलेला आहे? पावणीच्या दराचा फलक लावायला जेवढी भिंत लागते तेवढीच याला पुरेल. जत्रेच्या पत्रिकेत शेवटची एक ओळ दिली तरी ती त्या घरांत पोहोचेल जेथे वृत्तपत्र पोहोचत नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूस आबे फारियांचा पुतळा उभा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला, १९४५ चा. दोन्ही हात रोखून उभे असलेले फारिया आणि पुढ्यात कोसळत असलेली स्त्री. शिल्प म्हणून ते जोरकस आहे यात शंका नाही. पण त्या हातांतून काहीतरी निघते आहे असेच पाहणाऱ्याला वाटते, आणि हयातभर फारिया सांगत राहिले ते नेमके याच्या उलट.

त्या बाईंची शस्त्रक्रिया झाली, औषधे चालू आहेत. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या की पाने काढविणे त्यांनी सोडलेले नाही, मन मोकळे होते. फक्त आता आधी डॉक्टरांची तारीख पाहतात, आणि फोन लावताना भाचीला शेजारी बसवून घेतात.